जडत्वाचा उगम: न्यूटनच्या बादलीपासून नारळीकरांपर्यंत

श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय एका प्रश्नात सांगता येतो. एखाद्या वस्तूचा वेग बदलायचा म्हटले की ती विरोध करते. हा विरोध येतो कुठून? शाळेत आपण न्यूटनचे तीन नियम शिकतो, दुसऱ्या नियमात वस्तुमान आणि त्वरण यांचा गुणाकार करून बल काढतो, आणि वस्तुमान जितके अधिक तितका विरोध अधिक, एवढ्यावर समाधान मानतो. हा नियम विरोधाचे माप अचूक सांगतो, परंतु त्याचे कारण सांगत नाही. गेली तीनशे वर्षे मोजक्या विचारवंतांनी या कारणाचा पाठपुरावा केला आहे, आणि त्यांतल्या काहींना असे वाटत आले आहे की वस्तूचे जडत्व ही तिची एकटीची मालमत्ता नाही. विश्वातले बाकी सगळे द्रव्य गुरुत्वाकर्षणाच्या मार्गाने तिच्यावर जी क्रिया करते, तिलाच आपण जडत्व म्हणतो. ही कल्पना कितपत टिकते, कुठे अडखळते, आणि तिच्या इतिहासात एका मराठी शास्त्रज्ञाने कोणती भर घातली, हे मला आज सविस्तर मांडायचे आहे.

सुरुवात न्यूटनपासूनच करावी लागते, कारण प्रश्न त्यानेच सर्वांत स्वच्छ मांडला. १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये त्याने पाण्याच्या बादलीचा प्रयोग वर्णिला आहे. दोरीला भरपूर पीळ देऊन तिला पाण्याने भरलेली बादली टांगायची आणि सोडून द्यायची. पहिल्या काही क्षणांत बादली गरगर फिरते, पण पाणी जागच्या जागी असते आणि त्याचा पृष्ठभाग सपाट राहतो. हळूहळू पाणीही बादलीच्या वेगाने फिरू लागते, तेव्हा ते मध्ये खोलगट होते आणि कडेने वर चढते. आता नीट पाहा: पहिल्या अवस्थेत पाणी आणि बादली यांच्यात सापेक्ष गती पुरेपूर आहे, पण खोलगटपणा नाही, दुसऱ्या अवस्थेत त्यांच्यात सापेक्ष गती अजिबात नाही, पण खोलगटपणा आहे. म्हणजे पाण्याचे फिरणे हे बादलीच्या संदर्भातले फिरणे नव्हे. मग ते कशाच्या संदर्भात आहे? न्यूटनचे उत्तर होते, निरपेक्ष अवकाशाच्या संदर्भात. हा अवकाश दिसत नाही, त्याच्यावर कशाचाही परिणाम होत नाही, तरी तो पाण्याला मात्र कडेकडे ढकलतो.

न्यूटनचा समकालीन जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ याला हे मान्य नव्हते, आणि १७२१ साली बर्कली या बिशपने असे लिहिले की गतीला अर्थ येतो तो इतर वस्तूंच्या, शेवटी स्थिर ताऱ्यांच्या संदर्भातच. पण न्यूटनच्या यांत्रिकीचे यश इतके मोठे होते की हा आक्षेप तत्त्वज्ञांच्या दालनातच राहिला. तो भौतिकशास्त्रात आणला एर्न्स्ट माख या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने, १८८३ साली. माखचे म्हणणे असे की न्यूटनच्या प्रयोगातून फक्त एवढेच सिद्ध होते, की बादलीच्या पातळ भिंतींच्या संदर्भातले फिरणे पाण्यावर लक्षात येण्याजोगा परिणाम करत नाही. बादलीच्या भिंती कित्येक कोस जाड आणि तितक्याच वजनदार केल्या तर काय होईल, हे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. या वाक्याची ताकद मला नेहमी जाणवते. आकाशातले सारे तारे एकत्र घेतले तर ते म्हणजे अशी एक प्रचंड जाड बादलीच आहे, आणि त्या बादलीच्या संदर्भात फिरणाऱ्या पाण्याचा पृष्ठभाग खोलगट होतो, हे तर आपण रोज पाहतो.

माखच्या मागे एक साधे निरीक्षण उभे आहे, आणि त्याचे नवल वाटल्याशिवाय पुढचा सगळा विषय कोरडा वाटेल. १८५१ साली फूकोने पॅरिसच्या पँथिऑनच्या घुमटाखाली सदुसष्ट मीटर लांबीचा लंबक टांगला आणि त्याच्या आंदोलनाची पातळी तासागणिक वळत जाते हे लोकांना दाखवले. असाच लंबक पुण्याच्या अक्षांशावर टांगला तर ती पातळी सुमारे ७५ तासांत एक फेरी पूर्ण करील. पृथ्वीचे फिरणे अशा रीतीने बंद खोलीतही मोजता येते, बाहेर डोकावण्याची गरज नाही. दुसरीकडे, रात्री बाहेर येऊन तारे उगवता-मावळताना पाहिले तरीही पृथ्वीचे फिरणे मोजता येते. ही दोन मापे तंतोतंत जुळतात. आज क्वेसारांसारख्या अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या वस्तूंवरून ठरवलेली आकाशाची चौकट आणि ग्रहांच्या गतीवरून किंवा जायरोस्कोपवरून (वेगाने फिरणाऱ्या, आपल्या अक्षाची दिशा टिकवून धरणाऱ्या चाकावरून) ठरणारी न फिरणारी चौकट यांच्यात अत्यंत सूक्ष्म मोजमापांनाही फरक सापडत नाही. न्यूटनच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग आहे: निरपेक्ष अवकाश एकीकडे, तारे दुसरीकडे, आणि तारे त्या अवकाशात सामूहिकरीत्या फिरत नाहीत हे आपले नशीब. माखच्या दृष्टीने यात योगायोग नाही, कारण लंबकाला कोणती दिशा ‘न फिरणारी’ आहे हे मुळात त्या दूरच्या द्रव्यानेच सांगितलेले असते.

इथे एक भेद करणे मला फार आवश्यक वाटते, कारण या विषयावरच्या पुष्कळ वादांत तो पाळला जात नाही आणि मग दोन माणसे वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत राहतात. जडत्वाविषयी प्रश्न एक नसून दोन आहेत. पहिला, कोणत्या चौकटीच्या संदर्भात वस्तू विरोध करते. म्हणजे त्वरण मोजायचे ते कशाच्या तुलनेत. दुसरा, हा विरोध किती. म्हणजे एक किलोग्रॅम वस्तुमानाला एक किलोग्रॅमपुरताच विरोध का, त्याच्या दुप्पट किंवा निम्मा का नाही. फूकोचा लंबक पहिल्या प्रश्नाविषयी बोलतो, दुसऱ्याविषयी काहीच सांगत नाही. माझे मत असे, की पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुरुत्वाकर्षणाने बऱ्याच अंशी दिलेले आहे, आणि दुसऱ्याचे अजून दिलेले नाही.

माखकडे तक्रार होती, पण यंत्रणा नव्हती. तारे पाण्यावर कोणत्या बलाने परिणाम करतात? दूरवर पोचणारे, सगळ्या द्रव्यावर सारखेच लागू पडणारे आणि कोणत्याही पडद्याने अडवता न येणारे असे बल एकच, गुरुत्वाकर्षण. आइन्स्टाइनला ही यंत्रणा सापडेल अशी उमेद होती. १९१२ साली त्याने एक छोटा लेख लिहिला. तो छापून आला न्यायवैद्यकाच्या एका जर्मन त्रैमासिकात, कारण तो त्या क्षेत्रातल्या एका मित्राच्या गौरवासाठी होता. विद्युतचुंबकत्वात जसे प्रवर्तन असते, म्हणजे एका तारेतला प्रवाह बदलला की शेजारच्या तारेत प्रवाह निर्माण होतो, तसे गुरुत्वाकर्षणातही असते काय, हा त्या लेखाचा प्रश्न. पोकळ गोलाकार कवचाच्या मध्यभागी एक कण ठेवला आणि कवचाला त्वरण दिले तर तो कणही त्याच दिशेला ओढला जाईल, असे उत्तर त्यात मिळते. जून १९१३ मध्ये त्याने माखला पत्र लिहून कळवले की यांत्रिकीच्या पायाविषयीच्या माखच्या विचारांना नव्या सिद्धांतात पुष्टी मिळते आहे.

हा नवा सिद्धांत, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा व्यापक सापेक्षता सिद्धांत, १९१५ च्या अखेरीस पूर्ण झाला, आणि १९१८ साली हान्स थिरिंगने त्यातून फिरत्या कवचाचे गणित केले. पोकळ कवच फिरत असेल तर त्याच्या आतल्या भागात न फिरणारी चौकट स्वतःच थोडीशी त्याच्याबरोबर फिरते; आत ठेवलेला जायरोस्कोप बाहेरच्या ताऱ्यांच्या तुलनेत हळूहळू वळतो. माखने ज्या जाड भिंतींच्या बादलीविषयी कोणीच बोलू नये असे म्हटले होते, तिच्याविषयी आता ठाम बोलता येऊ लागले. हा परिणाम किती, हे एका शुद्ध संख्येवर अवलंबून असते: गुरुत्व स्थिरांक आणि कवचाचे वस्तुमान यांच्या गुणाकाराला कवचाची त्रिज्या आणि प्रकाशवेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागल्यावर जी संख्या येते ती. ही संख्या कृपया लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहे. साध्या बादलीसाठी ती इतकी नगण्य असते की न्यूटनला काही दिसण्याची शक्यताच नव्हती. १९६६ साली ब्रिल आणि कोहेन यांनी दाखवले की कवच आकुंचन पावत कृष्णविवराच्या मर्यादेपाशी पोचले, तर आतली चौकट कवचाबरोबर पूर्णपणे फिरते, आणि बाहेरच्या विश्वाचा तिच्यावर काहीच अंमल उरत नाही. जो निकाल माखला हवा होता, तो या टोकाला जसाच्या तसा मिळतो.

हे केवळ कागदावर राहिलेले नाही. एप्रिल २००४ मध्ये ‘ग्रॅव्हिटी प्रोब बी’ हा उपग्रह सुमारे ६४० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत सोडण्यात आला. त्यात क्वार्ट्झचे जवळजवळ परिपूर्ण गोल असलेले चार जायरोस्कोप होते, आणि त्यांचे अक्ष एका दूरच्या ताऱ्याच्या तुलनेत किती सरकतात हे मोजायचे होते. फिरती पृथ्वी आपल्याबरोबर चौकटीला जे ओढते, त्यामुळे अक्ष वर्षाला ३९ सहस्रांश विकलांनी (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकावा असे सिद्धांत सांगत होता. २०११ साली जाहीर झालेला निकाल होता ३७, सुमारे ७ च्या अनिश्चिततेसह. उपग्रहांच्या कक्षांवरून त्याआधीच २००४ साली चुफोलिनी आणि पाव्लिस यांनीही हाच परिणाम दाखवला होता. म्हणजे न फिरणारी दिशा कोणती हे ठरवण्यात जवळच्या द्रव्याचा वाटा असतो, ही गोष्ट मोजलेली आहे. पृथ्वीचा वाटा अल्प आहे. उरलेला वाटा कोणाचा, हाच प्रश्न आता राहतो.

त्याचे सर्वांत देखणे उत्तर १९५३ साली डेनिस स्कियामा या केंब्रिजच्या तरुण संशोधकाने दिले. तो डिरॅकचा विद्यार्थी. पुढे स्टीफन हॉकिंग त्याच्या हाताखाली शिकला. त्याच्या लेखाचा विषयच जडत्वाचा उगम हा होता. त्यातली कल्पना समजायला अवघड नाही, म्हणून मी ती पायरीपायरीने सांगतो.

स्थिर विद्युतप्रभाराचे बल अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. पण प्रभाराला त्वरण मिळाले की त्याच्या क्षेत्रात आणखी एक भाग येतो, आणि तो अंतराच्या वर्गाने कमी न होता केवळ अंतराने कमी होतो. आपले रेडिओ आणि मोबाइल चालतात ते या दुसऱ्या भागामुळे. स्कियामाने गुरुत्वाकर्षणातही असाच दुसरा भाग गृहीत धरला. आता आपल्याभोवती विश्वाचे एकसारख्या जाडीचे, एकात एक बसलेले थर कल्पावेत. थर जितका दूर तितके त्यातले द्रव्य अधिक, आणि ते अंतराच्या वर्गाने वाढते. नेहमीचे गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने घटत असल्याने प्रत्येक थराचा जोर सारखाच पडतो, आणि सर्व दिशांनी सारखी ओढ असल्याने ती एकमेकींना छेद देते. त्वरणाशी निगडित भाग मात्र केवळ अंतराने घटतो, म्हणून दूरच्या थराचा वाटा जवळच्या थरापेक्षा मोठा असतो, आणि तो छेदलाही जात नाही, कारण त्वरण एकाच दिशेला आहे. या साध्या बेरजेत निम्मा परिणाम दृश्य विश्वाच्या त्रिज्येच्या ७१ टक्क्यांपलीकडून येतो. सामान्य गुरुत्वाकर्षणात सूर्य आणि पृथ्वी यांच्यापुढे दूरचे विश्व नगण्य ठरते. जडत्वात नेमके उलट घडते. प्रमाणे पाहायची तर, मघाची ती शुद्ध संख्या पृथ्वीच्या पृष्ठभागावर पृथ्वीसाठी एक अब्जांशाहूनही थोडी कमी येते, सूर्यासाठी दहा कोटींत एक भाग आणि आपल्या आकाशगंगेसाठी दहा लाखांत एक भागाच्या आसपास. बाकी सगळा वाटा आकाशगंगेपलीकडच्या द्रव्याचा.

आता एखाद्या वस्तूला त्वरण द्या. त्या वस्तूच्या दृष्टीने सारे विश्वच उलट दिशेला त्वरणाने निघालेले असते. हे धावणारे विश्व तिच्यावर एक गुरुत्वीय ओढ निर्माण करते. ती ओढ वस्तूच्या वस्तुमानाच्या आणि त्वरणाच्या प्रमाणात असते, आणि आपण लावलेल्या बलाच्या विरोधात असते. एसटी अचानक सुटल्यावर प्रवाशाला मागे खेचणारे जे काही असते, ते स्कियामाच्या मते दूरच्या दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या इतर तारासमूहांचे, गुरुत्वाकर्षण आहे. या मांडणीतून एक मोठी गोष्ट आपोआप हाती येते. जडत्वाचे वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षणाचे वस्तुमान नेहमी सारखे का असते, हे गॅलिलिओपासूनचे कोडे. ‘मायक्रोस्कोप’ या फ्रेंच उपग्रहाच्या २०२२ सालच्या अंतिम निकालाप्रमाणे ही समानता १०च्या १५व्या घातात काही थोड्या भागांपर्यंत टिकते. स्कियामाच्या सिद्धांतात ही दोन वस्तुमाने वेगळी असणे शक्यच नाही, कारण जडत्व हे स्वतःच गुरुत्वाकर्षण आहे.

विरोध नेमका वस्तुमान गुणिले त्वरण एवढाच भरण्यासाठी विश्वाची बेरीज, म्हणजे तीच शुद्ध संख्या, १ च्या जवळ यायला हवी. आजचे आकडे घेऊ. विश्वाची सरासरी घनता घनमीटरला सुमारे ९ भागिले १०चा २७वा घात किलोग्रॅम, म्हणजे दर घनमीटरला जेमतेम पाच-सहा प्रोटॉनांइतकी. प्रसरणाच्या दरावरून मिळणारी त्रिज्या १.३ गुणिले १०चा २६वा घात मीटर. बेरीज केली की सुमारे ०.७ येते. स्कियामाच्या काळी दीर्घिकांच्या मोजणीतून मिळणारी घनता यापेक्षा बरीच कमी होती आणि त्याने विश्वात आणखी द्रव्य असले पाहिजे असा निष्कर्ष काढला होता. हा आकडा पाहून आनंद होतो, तो लपवण्याचे कारण नाही. पण त्याचे वजन करताना सावधही राहिले पाहिजे. पहिली गोष्ट, ज्या विश्वाची भूमिती सपाट असते, त्याच्या प्रसरणाचे आइन्स्टाइनचे समीकरणच घनता आणि प्रसरणदर यांचा असा मेळ बसवते, त्यामुळे ०.७ हा आकडा माखच्या बाजूने स्वतंत्र साक्ष देतो असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट, या घनतेत नेहमीचे द्रव्य अवघे पाच टक्के आहे, आणि सुमारे दोन तृतीयांश वाटा कृष्ण ऊर्जेचा, म्हणजे विश्वाचे प्रसरण वाढवणाऱ्या अज्ञात ऊर्जेचा आहे, जिचे वागणे दीर्घिकांसारखे नाही. तिसरी, स्कियामाचा १९५३ चा सिद्धांत विद्युतचुंबकत्वाच्या धर्तीवरचा कामचलाऊ सिद्धांत होता, आणि हे त्याने स्वतःच स्पष्ट लिहिले होते.

या टप्प्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: मी आत्ता हात हलवला, तर अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेला ते कळून तिची प्रतिक्रिया येणार कधी? जडत्व तर त्याच क्षणी जाणवते. याचे उत्तर असे, की दीर्घिकेला काही कळण्याची गरजच नाही. तिचे क्षेत्र अब्जावधी वर्षांपूर्वी निघून इथे आधीच पोचलेले आहे. हात हलतो तो त्या हजर असलेल्या क्षेत्रातून, आणि विरोध करते ते इथलेच क्षेत्र. आपल्याला जे जडत्व जाणवते ते विश्वाच्या आजच्या स्थितीचे नसून त्याच्या भूतकाळाचे आहे, एवढाच याचा अर्थ.

अधिक गंभीर आक्षेप प्रयोगातून आला. जवळच्या द्रव्याचाही जडत्वात वाटा असेल, तर आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने ढकलताना आणि तिला आडवे ढकलताना विरोधात किंचित फरक दिसायला हवा. कोक्कोनी आणि सॅल्पीटर यांनी १९५८ साली हे सुचवले. मग अमेरिकेत येल विद्यापीठात व्हर्नन ह्यूजेस यांच्या गटाने आणि स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या रॉनल्ड ड्रेव्हर यांनी लिथियमच्या अणुकेंद्रकावर तो फरक तपासला. ड्रेव्हर यांनी पृथ्वीचेच चुंबकीय क्षेत्र वापरले आणि पृथ्वी फिरत असताना दिवसभर अणुकेंद्रकाची वारंवारता न्याहाळली. हेच ड्रेव्हर पुढे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक झाले. फरक सापडला नाही. १०च्या २०व्या घातात एक भाग इतकासुद्धा नाही. यावर रॉबर्ट डिकी यांचे उत्तर असे होते की दिशेनुसारचा हा बदल सर्व कणांना आणि सर्व क्षेत्रांना सारखाच लागू असेल, तर मोजपट्टीही त्याच प्रमाणात बदलेल आणि प्रयोगात काही दिसणार नाही. हे उत्तर तर्कशुद्ध आहे, पण त्याने समाधान होत नाही, कारण ज्याचा मागमूस कधीच लागू शकत नाही अशा परिणामाला भौतिकशास्त्रात फारशी जागा नसते.

खुद्द आइन्स्टाइनचा सिद्धांत या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे जडत्वाच्या मापावर, काय म्हणतो? निराशाजनक उत्तर देतो. पूर्णपणे रिकाम्या विश्वात एकच कण ठेवला तरी त्या सिद्धांतात त्याचे जडत्व जसेच्या तसे असते. ही उणीव टाळण्यासाठी आइन्स्टाइनने १९१७ साली सीमा नसलेले बंद विश्व कल्पिले. पण त्याच वर्षी डी सिटरने त्याच समीकरणांतून द्रव्याचा लवलेश नसलेले विश्व काढून दाखवले. १९४९ साली गोडेलने असे विश्व काढले की ज्यातले सगळे द्रव्य प्रत्येक ठिकाणच्या जायरोस्कोपच्या तुलनेत फिरत असते. न फिरणारी चौकट आणि जडत्व विश्वातल्या द्रव्यानेच ठरते, या माखच्या तत्त्वाचा याहून उघड भंग कल्पिता येणार नाही. ‘माखचे तत्त्व’ हे नाव १९१८ साली आइन्स्टाइननेच दिलेले, आणि १९५४ च्या एका पत्रात त्यानेच फेलिक्स पिरानीला लिहिले की आता या तत्त्वाविषयी बोलणेच सोडून द्यावे. शेजारी वस्तुमान वाढवले की कणाचे जडत्व वाढते, हा त्याचा १९१२ चा दुसरा निष्कर्षही पुढे ब्रान्स यांनी तपासला आणि तो निव्वळ निर्देशांकांच्या, म्हणजे स्थान आणि काळ मोजण्याच्या पद्धतीच्या, निवडीतून येतो असे दाखवले. त्यामुळे आइन्स्टाइनच्या सिद्धांताकडे मी असे पाहतो: ओढीची यंत्रणा त्यात खरी आहे आणि मोजलेली आहे, आपल्या विश्वात ती पुरेशीही ठरते, कारण सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीच्या, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणाच्या, मोजमापांवरून आपले विश्व फिरत असल्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही, पण रिकाम्या अवकाशाला जडत्व देण्याची मुभाही तो सिद्धांत देतो, आणि म्हणून मुळाशी पोचत नाही.

मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राशी निगडित अशा हिग्ज कणाच्या शोधानंतर, म्हणजे २०१२ पासून, हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. तसे झालेले नाही. प्रोटॉनच्या वस्तुमानापैकी त्यातल्या क्वार्कांच्या हिग्जजन्य वस्तुमानाचा वाटा फक्त एक टक्क्याच्या आसपास आहे. बाकी सारे क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांच्या बंदिस्त ऊर्जेतून येते. आणि ऊर्जा वस्तुमानासारखी का वागते हे कळले, तरी ऊर्जा त्वरणाला विरोध का करते हा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

या दुसऱ्या प्रश्नाला सरळ जाऊन भिडले ते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि त्यांचे शिष्य जयंत नारळीकर. नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि स्वतः सापेक्षतेचे अभ्यासक. मुलाने केंब्रिजला हॉइल यांच्या हाताखाली संशोधन केले, आणि जून १९६४ मध्ये, वयाची २६ वर्षे पूर्ण होण्याआधी, गुरूबरोबर रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. आपल्याकडे त्या वेळी त्याचा मोठा गाजावाजा झाला, आणि १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. दुर्दैवाने त्या गाजावाजात सिद्धांताचा आशय मागे पडला, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ आणि १९४९ साली विद्युतचुंबकत्व असे मांडले होते, की स्वतंत्र असे क्षेत्र नाहीच. प्रभार एकमेकांवर थेट क्रिया करतात, निम्मी भूतकाळातून आणि निम्मी भविष्यातून, आणि विश्वातले बाकी सगळे प्रभार मिळून भविष्याचा भाग पुसून टाकतात. हॉइल आणि नारळीकर यांनी हीच रीत वस्तुमानाला लावली. त्यांच्या सिद्धांतात कोणत्याही कणाला स्वतःचे असे वस्तुमान नसते. त्याचे वस्तुमान म्हणजे विश्वातल्या इतर प्रत्येक कणाकडून, प्रकाशवेगाने पसरणाऱ्या क्रियेतून, त्याच्या जागी जमा होणारी बेरीज. रिकाम्या विश्वात एकटाच कण असेल तर बेरीज शून्य, आणि जडत्वही शून्य. डी सिटरने उघडलेले दार इथे बंद होते. कणांची संख्या प्रचंड असेल आणि बेरीज सर्वत्र जवळजवळ सारखी असेल, तेव्हा हीच समीकरणे आइन्स्टाइनच्या समीकरणांचे रूप घेतात, त्यामुळे सूर्यमालेतल्या कसोट्यांना हा सिद्धांत सहज उतरतो. मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो असा: गुरुत्वाकर्षण नेहमी आकर्षणच का असते, अपकर्षण का नाही, हे आइन्स्टाइनला न्यूटनच्या नियमाशी मेळ घालून बाहेरून ठरवावे लागले, इथे गुरुत्व स्थिरांक वस्तुमानांच्या बेरजेच्या वर्गाने ठरत असल्याने तो धनच येतो आणि आकर्षण आपोआप निघते.

अडचणही तितकीच खरी होती, आणि ती दाखवली स्कियामाच्या विद्यार्थ्याने, तरुण हॉकिंगने. रॉयल सोसायटीच्या बैठकीतच उठून त्याने सांगितले की प्रसरण पावणाऱ्या विश्वात भविष्यातून येणारा बेरजेचा भाग अनंत होतो. नंतर १९६५ साली त्याने ते गणित प्रसिद्ध केले, आणि त्याच्या प्रबंधाचे पहिले प्रकरणही याच विषयावर आहे. हा आघात जबर होता. पण तो विश्वाच्या कोणत्या प्रतिमानावर बेतलेला होता, याचा विचार करणे मला न्यायाचे वाटते. १९९८ साली विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे असे आढळले. अशा विश्वात भविष्याकडे एक क्षितिज असते, आणि त्यापलीकडच्या द्रव्याचा आपल्याशी कधीच संबंध येत नाही. तेव्हा बेरीज सांत, म्हणजे मर्यादित, राहू शकते, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. हा मुद्दा निकालात निघालेला नाही, परंतु हॉकिंगच्या आक्षेपाने सिद्धांत कायमचा संपला, असे जे सर्रास लिहिले जाते, ते माझ्या मते घाईचे आहे. खुद्द नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात असताना, आणि मे २०२५ मधल्या निधनापर्यंत, या विचारापासून कधी दूर गेले नाहीत.

आज अशा सगळ्या सिद्धांतांपुढची खरी कसोटी चंद्रावर आहे. जडत्व जर विश्वातल्या द्रव्यावर ठरत असेल, तर विश्व विरळ होत जाताना गुरुत्व स्थिरांकही बदलावा, आणि साध्या अंदाजाने हा बदल वर्षाला १०च्या ११व्या घातात काही भाग इतका, म्हणजे प्रसरणाच्या दराएवढा असावा. १९६९ पासून अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवर लेझरचे झोत टाकून चंद्राचे अंतर मोजले जात आहे, आणि त्यावरून गुरुत्व स्थिरांकात याच्या शेकडो पटींनी लहान बदलही दिसत नाही. ब्रान्स आणि डिकी यांचा १९६१ चा सिद्धांत, ज्यात माखचे तत्त्व एका नव्या क्षेत्राच्या रूपाने आणले होते, याच प्रकारच्या मोजमापांनी मागे पडला. शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाशी साधलेल्या रेडिओ संपर्काच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालातून त्याचा वावच इतका आकुंचला, की तो आता आइन्स्टाइनच्या सिद्धांताहून वेगळा ओळखता येत नाही. हॉइल-नारळीकर सिद्धांतात लांबीचे आणि वस्तुमानाचे एकक जागोजागी बदलण्याची मोकळीक आहे, त्यामुळे कोणती राशी बदलते असे म्हणायचे हा प्रश्न तिथे अधिक नाजूक होतो. एका मांडणीत विश्व प्रसरण पावते आणि वस्तुमाने कायम राहतात, तर दुसऱ्या मांडणीत विश्व स्थिर राहते आणि कणांची वस्तुमाने काळाबरोबर वाढत जातात. या सिद्धांतावर पुढे काम करणाऱ्याला प्रवेगी प्रसरणाच्या विश्वात भूतकाळ आणि भविष्य या दोन्ही बाजूंची बेरीज प्रत्यक्ष करून, तीतून येणारे गुरुत्व स्थिरांकाचे मूल्य आणि त्याचा बदल हे दोन आकडे चंद्राच्या मोजमापांशेजारी ठेवावे लागतील.

धन्यवाद.